बांबू व सर्व साहित्य मिळेल

माझे सासरे दोनदा वारले. पहिल्यांदा वारले त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

पण मी तरी कशाला खोटं बोलू? खरे जबाबदार होते माझे साडू, मधुकरराव. ते नसते तर मी आयुष्यात कधी हातात हातोडी धरली नसती आणि अण्णाही वेळेआधी गेले नसते.

मधुकरराव म्हणजे माझ्या मेहुणीचे, शैलाताईचे यजमान. राहायला देवळाली कॅम्पात. तिथे लष्कराचं मोडीत निघालेलं सामान भंगारवाल्यांकडे येतं. दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या, तंबूचं कापड, पॅराशूटचं रेशीम. आपण ते बघतो आणि पुढे जातो. मधुकरराव ते बघायचे आणि थांबायचे. मग पंधरा दिवसांनी त्यांच्या बैठकीत दारूगोळ्याच्या पेटीचा टीपॉय दिसायचा, वरचे पांढरे इंग्रजी आकडे तसेच राखलेले! खिडकीला पॅराशूटचे पडदे. कोपऱ्यात मडक्याला भोकं पाडून केलेला दिवा, त्याची नक्षी भिंतभर. आणि स्वतःच्या डोक्यावर तंबूच्या कापडाची, मोरपीस खोवलेली, हाताने शिवलेली हॅट! अशी हॅट जगात दुसरी नाही, असं ते सांगत नसत. (तेवढी नम्रताही त्यांच्यात होती. हा माणूस मला कुठूनच धरता येत नव्हता.) लग्नकार्यात फोटोग्राफर नवरदेवाच्या फेट्याला सोडून त्या हॅटचे फोटो काढायचा. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती हॅट अकरा ठिकाणी आहे. मी नऊ ठिकाणी आहे.

आमचे सासरे अण्णा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. कौतुक हा प्रकार त्यांनी आयुष्यभर गुणांसारखा वाटला, म्हणजे अर्धा-अर्धा मार्क करून. पण देवळालीला तो टीपॉय पाहिला आणि मधुकररावांचा पंजा स्वतःच्या हातात घेऊन ते म्हणाले, "याला म्हणतात हात!" मग सहज त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. त्यात भजी होती.

त्या भजीपासून माझी झोप उडाली.

मी जळत होतो. कबूल करतो. मी इतका जळत होतो की बायकोने, नलूने, एकदा विचारलं, "अहो, ॲसिडिटी झालीय का?" मी म्हटलं, "मधुकरराव झालेत."

मी प्रयत्न केला नाही असं नाही. स्कूटरचा जुना टायर घेऊन त्याला दोरी गुंडाळली आणि बसायचा मोढा केला. माझ्या ऑफिसातले साहेब घरी आले, त्यावर बसले, चहा घेतला आणि उठले. मोढाही त्यांच्याबरोबर उठला. नलूने आणि मी दोन बाजूंनी ओढून साहेब मोकळे केले. त्या वर्षी माझी बढती झाली नाही, ती का, हे मी अण्णांना कधी सांगितलं नाही.

अशात अण्णांची पंचाहत्तरी आली. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. कार्यक्रम पंचवटीतल्या त्यांच्या घरीच, गच्चीवर मांडव घालून. अण्णांना मधोमध बसवायचं, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं. आता प्रश्न असा, की अण्णा बसणार कशावर?

"मधुकरराव करतीलच काहीतरी," सासूबाई म्हणाल्या.

"मी करतो!" मी ओरडलो. "खुर्ची मी करणार! माझ्या हाताने!"

सासूबाईंनी नलूकडे पाहिलं. नलूने जमिनीकडे पाहिलं. अण्णांनी चष्म्यावरून मला पाहिलं आणि म्हणाले, "करा. मी बसेन." मग क्षणभराने म्हणाले, "धरायला दोघं उभे ठेवा."

झालं! आता माझी अब्रू त्या खुर्चीच्या चार पायांवर उभी होती. अण्णा माझ्या खुर्चीवर बसले आणि "याला म्हणतात हात" एवढं एकदा म्हणाले, की मी जिंकलो. मधुकररावांनी त्यापुढे हवी तर तोफ घरी आणावी!

लाकडात त्यांच्याशी टक्कर नको, म्हणून मी बांबू निवडला. पेठ तालुक्यातल्या कारागिरांनी केलेल्या बांबूच्या खुर्च्या मी एका प्रदर्शनात पाहिल्या होत्या. पाहून वाटलं, यात काय, दोन आडवे, दोन उभे, आणि बांधायचं. (पाहून मला सगळंच सोपं वाटतं. माझा तोच मूळ रोग आहे.)

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली. सासूबाई, नलू आणि शैलाताई लाडू वळायला देवळालीला जमल्या होत्या. अण्णा नेहमीप्रमाणे नऊच्या ठोक्याला वाचनालयात जाणार होते. म्हणजे गच्ची मोकळी. मी सकाळीच पंचवटीत उतरलो आणि बांबूचं दुकान शोधत नदीच्या बाजूला गेलो. तिथे एक दुकान दिसलंच. पाटीचा सुरुवातीचा भाग दारात टांगलेल्या चटयांच्या आड गेला होता. उरलेलं वाचलं: 'बांबू व सर्व साहित्य मिळेल. चोवीस तास उघडे.'

चोवीस तास! मी भारावलो. रात्री तीनला एखाद्याला खुर्ची करावीशी वाटली तर त्याची अडचण होऊ नये! कलेची केवढी ही सेवा!

दुकानदार शांत, गंभीर माणूस. हळू आवाजात त्याने विचारलं, "कुणासाठी?"

"सासऱ्यांसाठी."

"वय?"

"उद्या पंचाहत्तर पूर्ण."

"अरेरे. एक दिवस राहिला म्हणायचा."

"हो ना, एकच दिवस! म्हणून तर घाई."

"उंची?"

मी खूश झालो. याला म्हणतात माप घेऊन काम करणं! "पाच फूट आठ इंच. अंगाने जरा आडवे आहेत."

"मग जाड बांबू देतो. भार पेलला पाहिजे. मध्येच मोडलं तर फार वाईट दिसतं."

"तेही चारचौघांत!"

"चौघांतच," तो म्हणाला आणि त्याने दोन लांबलचक बांबू बाहेर काढले. मग कामट्या. मग सुतळीचे गुंडे. "कापड किती? पाच मीटर?"

गादी करायला कापड लागणारच होतं, माझ्या लक्षातच नव्हतं! "रंगीत नाही का?" मी विचारलं.

त्याने मला नीट न्याहाळलं. "पुरुषमाणसाला पांढरंच असतं."

साधेपणात सौंदर्य! मी मान डोलावली. तेवढ्यात त्याने एक मडकं पुढे ठेवलं. मडकं! म्हणजे दिवासुद्धा होणार! मधुकररावांच्या दिव्याला उत्तर! माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले.

"याला भोकं किती पाडतात हो?" मी विचारलं.

"तीन."

"तीनच? मी घरून आधीच पाडून ठेवू का?"

"छे, छे! ती तिथल्या तिथे पाडायची. दगडाने."

"मी ड्रिल मशीन आणलंय."

दुकानदाराने माझ्या मागे, रस्त्यावर नजर टाकली. मग त्याने विचारलं, "सोबत घरातलं कुणी मोठं आलेलं नाही का?"

"कुणाला सांगितलेलंच नाही," मी हसून म्हणालो. "सगळ्यांना एकदम चकित करायचंय!"

त्याने ते मडकं दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

नलूचं आजही म्हणणं आहे, की नाशकात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही हे कळलं असतं. असेल. पण त्या पोराला मधुकरराव साडू नसतात!

खांद्यावर दोन बांबू, बगलेत कामट्या, गळ्यात सुतळी, हातात मडकं अशा थाटात मी निघालो. आणि काय सांगू, त्या गल्ल्यांतून मला आजवर कुणी अशी वाट दिली नव्हती! रिक्षा थांबल्या. भाजीवाल्यांनी हातगाड्या मागे घेतल्या. एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. एकाने मला चक्क नमस्कार केला. हातात कला असली की समाज कसा बदलतो, असं म्हणत मीही मान झुकवून सगळ्यांचे नमस्कार घेत गेलो.

अण्णांच्या गल्लीच्या तोंडाशी जिजाबाई फुलवाली बसायची. मखमलाबादकडच्या मळ्यातून रोज सकाळी फुलं घेऊन यायची. अण्णांनी तिच्या दोन्ही लेकरांना फुकट शिकवलं होतं. मला पाहून तिच्या हातातली माळ गळाली.

"आता गं बाई! जावईबापू, कोनासाठी वो हे?"

"अण्णांसाठी!" मी छाती फुगवून सांगितलं.

"आरं देवा! काल तं बोलून गेले माझ्यासंगं! कवा हाय?"

"उद्या सकाळी. सगळे जमले की बसवायचंय त्यांना."

"बसवायचं?" जिजाबाईने डोळे पुसले. "तुमच्यात बसवतात का वो?"

"मग काय, पंचाहत्तरीच्या माणसाला उभं ठेवायचं?"

ती मोठ्याने रडायला लागली. अण्णांवर गल्लीचा किती जीव आहे, हे पाहून मलाही गहिवरून आलं.

गच्चीवर गेलो, जिन्याच्या दाराला आतून कडी घातली आणि कामाला लागलो. पाच-दहा मिनिटांत खालून हाक आली. तळमजल्यावरचे देशमुखकाका. मी कठड्यावरून डोकावलो.

"सुरेशराव," काका चाचरत म्हणाले, "जिजाबाई म्हणते ते... अण्णा...?"

"अण्णा नाहीत!" मी वरून सांगितलं.

काकांनी भिंतीचा आधार घेतला. "केव्हा गेले?"

"सकाळीच की! नऊला!"

"कसे गेले हो?"

हा काय प्रश्न? अण्णा रोज कसे जातात? "चालत-चालत!"

"चालता-बोलता गेले," काका मागे वळून कुणाला तरी म्हणाले. "पुण्यवान माणूस." आणि घरात फोनकडे धावले.

मी परत खुर्चीकडे. दोन बांबू समांतर ठेवले. मध्ये कामट्या आडव्या टाकून सुतळीने आवळल्या. पाय नंतर लावू म्हटलं. घाम पुसून मी मागे सरकलो आणि पाहिलं. खुर्ची थोडी लांब वाटत होती. थोडी म्हणजे सात फूट. पण बांधणी मजबूत! मी त्यावर आडवा पडून पाहिलं. आरामशीर होतं.

तासाभराने खाली गलका वाढला म्हणून डोकावलो, तर गल्ली माणसांनी भरलेली! अण्णांचे जुने शिक्षक, विद्यार्थी, वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे. बहुतेकांचे कपडे पांढरे.

"अरे वा! या, या!" मी दोन्ही हात हलवून ओरडलो. "पण कार्यक्रम उद्या आहे हो! आज कसे सगळे?"

खाली कुणीतरी म्हणालं, "धक्का बसलाय बिचाऱ्याला. डोक्यावर परिणाम झालाय."

"लाडू करायला घेतलेत!" मी आणखी माहिती पुरवली.

"कुणीतरी वर जा रे," देशमुखकाका कळवळून म्हणाले. "उडी मारेल तो."

नेमके त्याच वेळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाने अण्णा आले. काखेत छत्री, हातात वर्तमानपत्र. आपल्या दारात एवढी गर्दी पाहून ते थबकले. अण्णा शिस्तीचा माणूस. त्यांनी टोपी काढली आणि गर्दीच्या मागे जाऊन, मान खाली घालून, मुकाट्याने उभे राहिले. स्वतःच्या अंत्ययात्रेला वेळेवर हजर राहिलेला दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही.

दोन मिनिटांनी त्यांनी पुढच्या बाईला हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"अण्णा मास्तर गेले वो," जिजाबाई पदराआडून हुंदके देत म्हणाली. "लय मोठं मानूस."

"कुठले अण्णा मास्तर?"

"हेच की, वरचे..." म्हणत जिजाबाई वळली. आणि तिने जी किंकाळी फोडली ती गोदावरीच्या पलीकडे गेली असणार!

पुढची दहा मिनिटं मी वर्णन करत नाही. एवढंच सांगतो, की तेवढ्यात देवळालीहून मधुकररावांची जीप आली. त्यातून सासूबाई, शैलाताई आणि नलू उतरल्या, तिघींचेही हात कोपरापर्यंत बेसनाने माखलेले. सासूबाईंना समोर उभे अण्णा दिसले आणि त्यांनी भर गल्लीत, सगळ्या शिक्षकवर्गासमोर, अण्णांना गच्च मिठी मारली. अण्णांच्या सदऱ्यावर दोन पिवळे पंजे उमटले. हे पन्नास वर्षांच्या संसारात प्रथमच घडत होतं, असं नलू सांगते.

मग सगळे वर आले. मी कडी काढली. अण्णा माझ्या कलाकृतीसमोर उभे राहिले. बाजूला पांढरं कापड. पायाशी मडकं.

"सुरेशराव, हे काय आहे?"

"खुर्ची," मी म्हणालो. "म्हणजे... पाय लावायचे राहिलेत."

"याला पाय नसतात," अण्णा म्हणाले. "चार जण असतात."

त्या क्षणी मला ती चटईआडची पाटी पूर्ण दिसली. मनातल्या मनात, पण अगदी ठळक. त्याबरोबर तो म्हातारा, ते नमस्कार, दुकानदाराचं थोपटणं, सगळं आठवलं. नलू माझ्याकडे बघत होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसू दाबत होती.

सासूबाईंनी ते सामान आत्ताच्या आत्ता नदीत टाकायचा हुकूम सोडला. पण अण्णा मुख्याध्यापक. "बांबू तो बांबू," ते म्हणाले. "माणसं आलीच आहेत, फुलं आलीच आहेत. उद्याची पंचाहत्तरी आजच उरकू. फक्त मला बसायला काहीतरी द्या. सकाळपासून उभा आहे मी."

आणि मग तो आवाज आला, ज्याची मला धास्ती होती. "हं," मधुकरराव म्हणाले. त्यांनी मोरपिसाची हॅट काढून कठड्यावर ठेवली, माझ्या बांबूंभोवती एक फेरी मारली आणि करवत मागितली.

दीड तास. फक्त दीड तासात त्या सात फुटी प्रकाराची आरामखुर्ची झाली! पाठीला बाक, हातांना गोलाई, आणि बसायला ते पाच मीटर पांढरं कापड दुहेरी ताणून झोळीसारखं. जिजाबाईने आणलेल्या शेवंतीच्या माळा तिने स्वतः खुर्चीला गुंडाळल्या. "तुमच्याच नावानं आनल्यात, माघारी नाय नेनार," ती म्हणाली. अण्णा बसले. मागे रेलले. डोळे मिटले. (सासूबाई ओरडल्या, "अहो, डोळे उघडे ठेवा!") अण्णांनी डोळे उघडले, मधुकररावांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "याला म्हणतात हात!"

गच्चीभर टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दोन्ही हात मोकळेच होते.

"पण अण्णा, माल सुरेशरावांचा हं," मधुकरराव प्रेमाने म्हणाले. "बांबूची निवड उत्तम आहे."

बघा! असा माणूस! त्याने मला टोमणा मारला असता तर मी सुखाने घरी गेलो असतो.

अण्णा त्या खुर्चीत पुढची बारा वर्षं बसले. मी गेलो की आतून हाक यायची, "अगं, सुरेशराव आलेत, हातात काही आहे का बघ." मडकं मात्र त्यांनी मागून घेतलं. मी त्याला तीन भोकं पाडून दिवा केला, तो त्यांच्या खोलीत शेवटपर्यंत होता. "यात वाचता येत नाही," ते म्हणायचे, "पण असू द्या." मधुकररावांच्या खुर्चीत बसून, माझ्या मडक्याकडे बघत ते 'असू द्या' म्हणायचे, तेव्हा मला ते अर्ध्या मार्काचं कौतुक वाटायचं. मी ते जपून ठेवलंय.

मग एका दुपारी, जेवण झाल्यावर, त्याच खुर्चीत, अण्णा खरोखर गेले. मी शेजारीच होतो. रडणं आवरून मी मोबाइल काढला आणि एकेकाला फोन लावायला घेतले.

"सुरेशराव, परत?" पहिला नातेवाईक म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. दुसऱ्याने विचारलं, "चालत गेले का?" नलूच्या आत्या म्हणाल्या, "आधी अण्णांना फोन द्या, मग बोलू." देशमुखकाका तळमजल्यावरून वर आले, पण येताना चहा सांगूनच आले. शेवटी मधुकररावांनी तेच सगळे फोन पुन्हा लावले. तासाभरात घर भरलं. सत्त्याहत्तर वर्षांच्या आत्यासुद्धा पुण्याहून निघाल्या होत्या.

"सामान मी आणतो," मी म्हणालो. अण्णांसाठी एवढं तरी मला करायचं होतं. मधुकरराव चपला घालून माझ्याबरोबर निघाले.

दुकान तेच होतं. चटया तिथे नव्हत्या. पाटी पूर्ण वाचता येत होती. दुकानदार पिकला होता, पण त्याने मला पाहिलं आणि ओळखलं. "मडक्याला भोकं किती, असं विचारणारे तुम्हीच ना?"

मी मान खाली घालून हो म्हणालो.

"आता कोण गेलं?"

"सासरे."

"मागच्या वेळी पण सासरेच होते ना?"

"तेच," मी म्हणालो.

दुकानदार जागचा हलला नाही. त्याने माझ्या मागे उभ्या असलेल्या मधुकररावांकडे पाहिलं. मधुकररावांनी हॅट काढली आणि हलकेच मान हलवली. तेव्हा कुठे त्याने बांबू बाहेर काढले.